डुप्लिकेट ओळ आली, तर ट्रिगरने काय करायचं?

समजा, तुमचं संशोधन गोसीखुर्दच्या प्रकल्पग्रस्तांवर आहे. वैनगंगेवरच्या या धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली. त्यात गेलेल्या गावांतली माणसं आज पुनर्वसित गावठाणांत राहतात. तुम्ही दिवसभर टॅबवर फॉर्म भरता आणि संध्याकाळी रेंज मिळाली की डेटा सर्व्हरवर पाठवता. मध्येच नेट जातं, तुम्ही पुन्हा बटण दाबता आणि एकच कुटुंब दोनदा नोंदलं जातं.

अशा वेळी पहिला उपाय सुचतो तो 'बिफोर इन्सर्ट' ट्रिगरचा. नाव, वडिलांचं नाव आणि गाव आधीच टेबलमध्ये असेल, तर नवी ओळ टाकून द्यायची. पोस्टग्रेसमध्ये अशा ट्रिगरने नल परत केलं की ओळ गुपचूप वगळली जाते, एररही येत नाही.

यात दोन अडचणी आहेत. पहिली वेळेची. दोन टॅबवरून तीच नोंद एकाच क्षणी आली, तर दोन्ही ट्रिगर शोध घेतात. पण समोरची ओळ अजून कमिट झालेली नसल्याने कुणालाच ती दिसत नाही. दोन्ही ओळी आत जातात. म्हणून हे काम युनिक कन्स्ट्रेंटला द्या. फॉर्म उघडताच टॅबने त्याला स्वतंत्र क्रमांक द्यावा, त्या कॉलमवर कन्स्ट्रेंट लावावा आणि इन्सर्टमध्ये 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग' लिहावं. मग बटण दहादा दाबलं तरी ओळ एकच राहते.

दुसरी अडचण माणसांची. एकाच गावात एकाच नावाची दोन माणसं असतात, वडिलांची नावंही जुळतात. ट्रिगरने दुसऱ्याला वगळलं, तर आधीच घर गमावलेलं एक कुटुंब तुमच्या प्रबंधातूनही गायब होतं. उलट, एकच कुटुंब कुणी जुन्या गावाच्या नावाने लिहितं, कुणी नव्या. ते तर या ट्रिगरला सापडतच नाही.

मग ट्रिगर नकोच का? हवा, पण 'आफ्टर इन्सर्ट'. ओळ आत येऊ द्या. नाव जुळलं तर, गाव वेगळं असलं तरी, दोन्ही फॉर्मचे क्रमांक 'तपासणी' टेबलमध्ये टाका. निर्णय तुम्ही दारात जाऊन, विचारून घ्या. वेळेच्या अडचणीमुळे इथेही एखादी जोडी निसटू शकते, म्हणून विश्लेषणाआधी तीच क्वेरी पूर्ण टेबलवर एकदा चालवा.