जंतूंनाही होतो रोग!

पावसाळ्याच्या तोंडावर तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे निघते. त्या दिवसांत माझ्याकडे येणारे अनेक जण विचारतात, ‘डॉक्टर, नीरा-भीमेचे पाणी वाहते आहे. त्यात जंतू कुठे टिकणार?’ या समजुतीत थोडे तथ्य आहे, पण ते नीट समजून घ्यायला हवे.

१८९६ साली आग्र्यात काम करणाऱ्या हॅन्किन या इंग्रज शास्त्रज्ञाला आढळले, की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे म्हणजे कॉलऱ्याचे जंतू काही तासांत मरतात. तेच पाणी उकळून घेतले तर मात्र मरत नाहीत. असे का, हे तेव्हा उलगडले नाही. १९१७ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील डेरेल यांनी जंतूंना मारणारे विषाणू ओळखले व त्यांना ‘बॅक्टेरिओफाज’ हे नाव दिले.

हे विषाणू माती, नदी, गटार, आपले आतडे अशा सगळीकडे असतात. पण सगळे सारखे नसतात. कुलपाला किल्ली बसावी तसा प्रत्येकाचा जंतू ठरलेला. पटकीच्या जंतूवर चालणारा विषाणू विषमज्वराच्या जंतूला हात लावत नाही. काहींची आनुवंशिक माहिती जेमतेम ५,३८६ अक्षरांत मावते, तर काहींना लाखावर अक्षरे लागतात. शिवाय एकाच जंतूत दोन विषाणू शिरले, की त्यांच्यात जनुकांची देवाणघेवाण होते. जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून गोधडी शिवावी, तसे नवे विषाणू तयार होतात.

धोकाही यातच आहे. काही विषाणू जंतूला न मारता त्याच्यात ठाण मांडतात आणि विष बनवणारी जनुके त्याला देतात. पटकीत पाण्यासारखे जुलाब घडवणारे विष जंतूला अशाच विषाणूकडून मिळते, हे १९९६ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. घटसर्पाचेही तसेच.

जॉर्जिया देशातील तिबिलिसी येथे १९२३ साली स्थापन झालेल्या संस्थेत असे विषाणू पारखून, शुद्ध करून उपचारासाठी वापरतात. प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू वाढल्याने आता जगाचे लक्ष पुन्हा तिकडे वळले आहे. पण नदीचे पाणी म्हणजे पारखलेले औषध नव्हे.

म्हणून पिण्याचे पाणी उकळूनच घ्यावे. जुलाब सुरू झाल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजत राहावे आणि रुग्णाला लगेच दवाखान्यात न्यावे. प्रतिजैविके मनाने घेऊ नयेत, आणि डॉक्टरांनी दिलेली अर्धवट सोडू नयेत.