चिनी पार्टनरचा 'हो' कसा ऐकायचा?

आज माझीच फजिती सांगतो.

सोलापुरात आमचा टॉवेलचा छोटा कारखाना. मागाचे पार्ट एका चिनी सप्लायरकडून मागवले. जानेवारीत सगळ्यांसमोर कॉलवर विचारलं, "महिनाअखेर माल निघेल ना?" तो म्हणाला, "हो, हो." पुढे चिनी नववर्षाची सुट्टी लागली. माल आला मार्चमध्ये! तोवर चार माग बंद, कामगारांचा पगार मात्र चालू.

तो खोटं बोलला का? तसं नाही. चारचौघांत तोंडावर नकार दिला की समोरच्याची आब जाते, असं तिकडे मानतात. या आबेला ते 'म्येन्त्स' म्हणतात. म्हणून 'हो'चा अर्थ बरेचदा 'ऐकलं' एवढाच असतो.

आता मी 'जमेल का?' विचारत नाही. 'आज किती पार्ट तयार आहेत? फोटो पाठवा,' म्हणतो. अवघड विषय एकट्याशी बोलतो. आणि ऑर्डरआधी दोन्हीकडच्या सुट्ट्या लिहून घेतो: त्यांचं नववर्ष, १ ऑक्टोबरचा आठवडा, आपली दिवाळी.

खरा धडा आपल्याच गावचा. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून युद्धात होरपळणाऱ्या चीनला गेले. तिथली भाषा शिकले, तिथलेच झाले. १९४२ मध्ये तिथेच वारले. चीन त्यांना अजून विसरलेला नाही.

मला चिनी येतं ते 'नी हाओ'पुरतं. पण परवा तो सप्लायर स्वतःहून म्हणाला, "यावेळी दहा दिवस उशीर होईल."

हा नकार मला त्या 'हो'पेक्षा गोड लागला.