टिफ्रॅक : मुंबईत घडलेले गणकयंत्र

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० सालच्या फेब्रुवारीत कार्यान्वित झालेल्या, आणि १९६२ च्या जानेवारीत पंडित नेहरूंकडून ‘टिफ्रॅक’ हे नाव लाभलेल्या गणकयंत्राचा वृत्तान्त वाचू लागलो म्हणजे, ते पायापासून कळसापर्यंत इथल्याच माणसांनी घडविले, या जाणिवेने मन भरून येते. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने त्याआधीच विलायतेहून गणकयंत्र आणविले होते, आणि तोही उपक्रम धाडसाचाच होता, परंतु डॉ. होमी भाभा यांच्या संस्थेने यंत्र विकत घेण्याऐवजी बांधण्याची तजवीज केली आणि ती जोखीम रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील मूठभर तरुणांवर सोपविली, ज्यांपैकी बहुतेकांनी तोवर असले यंत्र कधी हाताळलेलेही नव्हते. १९५६ मध्ये लहानसे प्रायोगिक यंत्र चालते झाले, आणि त्या अनुभवाच्या बळावर मोठ्याची उभारणी झाली.

पोलादी कपाटांच्या अठरा फूट लांब आणि आठ फूट उंच रांगेत सुमारे २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रेझिस्टर बसविलेले होते. स्मृती २,०४८ शब्दांची, आणि प्रत्येक शब्द ४० द्विमान अंकांचा. म्हणजे एकूण ८१,९२० अंक, आणि दर अंकामागे फेराइटचे एक इवलेसे कडे. कड्यांतून बारीक तारा ओवलेल्या असत, आणि कड्याच्या चुंबकत्वाची दिशा कोणती, यावरून तेथे शून्य आहे की एक, हे ठरे. उत्तरे टेलिप्रिंटरवर छापली जात. शिवाय कॅथोड किरण नळीच्या पडद्यावर आलेखही उमटे, ही त्या काळाच्या मानाने केवढी पुढची दृष्टी!

या यंत्राला कळणारी भाषा केवळ शून्य आणि एक यांची. गणिती माणसाने आपला प्रश्न प्रथम बेरीज, गुणाकार, तुलना अशा मूळ क्रियांत उकलावा, प्रत्येक क्रियेसाठी आज्ञा लिहावी, कोणती संख्या स्मृतीच्या कितव्या घरात राहील याचा तक्ता स्वतः आखावा, आणि मग तो सारा मजकूर कागदी पट्टीवर छिद्रांच्या रूपाने उतरवून यंत्राच्या स्वाधीन करावा, असा रिवाज होता. अशा लेखनात मध्येच एक आज्ञा राहून गेल्याचे ध्यानात आले, तर तिच्या पुढची सगळी घरे एकेकाने सरकत, आणि जेथे जेथे त्या घरांचे क्रमांक लिहिलेले असत, ती ती ठिकाणे दुरुस्त करावी लागत. म्हणून त्या पिढीचे जाणते लोक, ते कोणत्याही देशातले असोत, मूळ जागची एक आज्ञा उचलून तेथे दूरच्या मोकळ्या घराकडे जाण्याचा हुकूम ठेवीत, उचललेली आणि राहिलेली अशा दोन्ही आज्ञा त्या मोकळ्या जागेत लिहीत, आणि शेवटी परतीची वाट करून देत.

हे कष्ट पुन्हा यावेत असे कोण म्हणेल? तरीही आपल्या आज्ञावलीतील एकूण एक आज्ञा ठाऊक असणे, आणि उत्तर चुकले तर दोष त्या आज्ञांत आहे की निकामी झालेल्या एखाद्या व्हॉल्व्हमध्ये, हे विचारायला यंत्र घडविणारी माणसे त्याच संस्थेत हजर असणे, या जवळिकीची मला फार ओढ वाटते. आणि त्या काळाचे खरे वैभव, माझ्या मते, तेच.

यंत्र पुरे होईतो पश्चिमेत ट्रान्झिस्टरची यंत्रे आली होती, तेव्हा एवढा खटाटोप व्यर्थ गेला, असा आक्षेप घेता येईल. मला तो मान्य नाही. स्मृती कशी ओवावी, विद्युत्-मंडले कशी रचावी, आणि चालू यंत्रातील बिघाड कसा हुडकावा, हे ज्ञान खरेदीच्या पावतीबरोबर हाती आले नसते. १९६४ मध्ये त्याच संस्थेत अमेरिकेहून सीडीसी ३६०० आले. फोर्ट्रान भाषेत आज्ञावल्या लिहिता येऊ लागल्या, आणि घरांचे क्रमांक सांभाळण्याचे काम यंत्रानेच पत्करले. तोवर नरसिंहन यांचे लक्ष, चित्रांतील आकृत्या यंत्राला कशा ओळखता येतील, या प्रश्नाकडे वळले होते, आणि टिफ्रॅकच्या बांधणीतील त्यांचे सहकारी पी. व्ही. एस. राव हे पुढे मानवी वाणी यंत्राला कळावी, या संशोधनात गढून गेले.