विश्लेषण : ‘सार्जंट पेपर’चा क्रमांक पहिल्यावरून २४ वर का गेला?

‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकी नियतकालिकाच्या ५०० सर्वोत्तम अल्बमांच्या यादीत २००३ आणि २०१२ मध्ये बीटल्सचा ‘सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड’ पहिला होता. २०२० च्या यादीत तो २४ वा आला. अल्बममधली १३ गाणी तीच असताना हे कसे घडले? उत्तर शोधण्यासाठी थेट १९६७ पर्यंत मागे जावे लागते.

अल्बममध्ये वेगळे काय होते?

ऑगस्ट १९६६ मध्ये बीटल्सने जाहीर दौरे थांबवले. गाणी मंचावर वाजवून दाखवण्याचे बंधन उरले नाही. १९६३ मध्ये आपल्या पहिल्या अल्बममधली बहुतेक गाणी एका दिवसात ध्वनिमुद्रित करणाऱ्या या चौघांनी ‘सार्जंट पेपर’साठी लंडनच्या ॲबी रोडवरील स्टुडिओत सुमारे पाच महिने घालवले. निर्माता जॉर्ज मार्टिन यांच्या हाताशी फक्त चार ट्रॅकची यंत्रे होती. तरीही ‘अ डे इन द लाइफ’ या गाण्यासाठी ४० वादकांचा वाद्यवृंद एकावर एक थर देऊन अनेक पटींनी मोठा ऐकू येईल, अशी करामत त्यांनी केली. वेष्टनावर सगळ्या गाण्यांचे शब्द छापले होते. त्यामुळे ही गाणी कवितेसारखी वाचलीही जाऊ लागली.

स्वागत कसे झाले?

बीटल्सच्या मायदेशात ब्रिटनमध्ये अल्बम सलग २३ आठवडे अव्वल राहिला, अमेरिकेत १५ आठवडे. लंडनच्या ‘टाइम्स’चे अभिजात संगीताचे समीक्षक विल्यम मान यांनी त्याची गंभीरपणे दखल घेतली. नाट्यसमीक्षक केनेथ टायनन यांनी तर पाश्चात्त्य संस्कृतीच्या इतिहासातील तो निर्णायक क्षण असल्याचे म्हटले. १९६८ मध्ये वर्षातील सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी त्याला मिळाले. हा मान मिळवणारा तो पहिला रॉक अल्बम. दुसरीकडे, अमली पदार्थांचा सूचक उल्लेख असल्याच्या संशयावरून बीबीसीने ‘अ डे इन द लाइफ’च्या प्रसारणावर बंदी घातली होती.

विरोधी सूर कोणाचा?

रिचर्ड गोल्डस्टीन या तरुण समीक्षकाचा. १८ जून १९६७ च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये त्यांनी लिहिले, की हा अल्बम अतिलाडाने बिघडलेल्या मुलासारखा आहे. ध्वनीच्या करामतींखाली गाणी दबली आहेत, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. ‘अ डे इन द लाइफ’चे मात्र त्यांनी मनापासून कौतुक केले. गोल्डस्टीन बीटल्सद्वेष्टे नव्हते. वर्षभरापूर्वीच्या ‘रिव्हॉल्व्हर’ची त्यांनी स्तुती केली होती. तरीही वर्तमानपत्राकडे संतप्त वाचकांच्या पत्रांचा ढीग लागला. रॉक समीक्षा तेव्हा नुकती रांगू लागली होती. ‘क्रॉडॅडी’ १९६६ मध्ये निघाले, तर ‘रोलिंग स्टोन’चा पहिला अंक नोव्हेंबर १९६७ चा. रॉक ही कला आहे, हे सिद्ध करण्याच्या त्या काळात गोल्डस्टीन यांचा आक्षेप अनेकांना घरभेदीपणा वाटला.

भारताशी संबंध काय?

‘विदिन यू विदाउट यू’ हे जॉर्ज हॅरिसनचे गाणे. सतारीच्या शिक्षणासाठी हॅरिसन १९६६ मध्ये मुंबईत पंडित रविशंकर यांच्याकडे आला होता. दिलरुबा, तबला, तानपुरा अशा वाद्यांचा साज असलेल्या या गाण्यात बाकीच्या तिघांपैकी कोणीही वाजवलेले नाही. लंडनमधील भारतीय वादकांनी त्याला साथ दिली. काहींना ते अल्बमचा गाभा वाटले, तर काहींना सुई उचलून पुढे ढकलण्याजोगे. मुखपृष्ठावरील चेहऱ्यांमध्ये महात्मा गांधीही होते. भारतात लोक दुखावतील, या भीतीने ‘ईएमआय’ कंपनीने त्यांचे चित्र काढायला लावले.

मग क्रमांक का घसरला?

यादी म्हणजे अनेकांच्या पसंतीची बेरीज. बेरजेत कोण बसले, यावर उत्तर ठरते. २०२० मध्ये ‘रोलिंग स्टोन’ने ३०० हून अधिक कलाकार, समीक्षक व संगीतक्षेत्रातील जाणकारांकडून नव्याने याद्या मागवल्या. बियॉन्से, टेलर स्विफ्ट, बिली आयलिश यांच्यासारख्या नव्या पिढ्यांतील गायिकाही त्यांत होत्या. सोल आणि हिप-हॉप संगीताला मोठी जागा मिळाली. मार्विन गेचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ पहिला आला. मात्र एवढ्यावर भागत नाही. याच यादीत बीटल्सचाच ‘ॲबी रोड’ पाचवा आणि ‘रिव्हॉल्व्हर’ अकरावा आहे. म्हणजे बीटल्सची गोडी टिकली. त्यांच्या कोणत्या अल्बमला वर ठेवायचे, ते बदलले.

बरोबर कोण ठरले?

१९६७ मध्ये प्रश्न होता : पॉप संगीत कला असू शकते का? त्याचे ठसठशीत उत्तर ‘सार्जंट पेपर’ने दिले, म्हणून त्याचा जयजयकार झाला. आज तो प्रश्न कोणी विचारत नाही. त्यामुळे त्या विजयाचे जादा गुणही मिळत नाहीत. आता गाणे गाणे म्हणून तोलले जाते. गोल्डस्टीन यांनी त्या जूनमध्ये नेमकी हीच कसोटी लावली होती. सर्वांच्या उत्साहात एकाने आवाज वेगळा काढला, तर तो अडाणी किंवा आकसाचा असेलच असे नाही. अल्बमचे महत्त्व इतिहासात पक्के आहे. २०१७ मध्ये पन्नाशीच्या नव्या आवृत्तीने तो ब्रिटनमध्ये पुन्हा अव्वल ठरला. ऐतिहासिक महत्त्व आणि आवड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच पहिला आणि चोविसावा हे दोन क्रमांक सांगतात.