‘माझ्या मशीनवर तर चालतंय!’

कोड एकच, मशीन चार आणि प्रत्येक मशीनचं रडगाणं वेगळं. फायनल इयरच्या एका टीमने सबमिशनच्या आधीचे चार दिवस नवीन काही बनवण्यात नाही, तर सीनियर्सकडून आलेली जुनी सी लायब्ररी दुरुस्त करण्यात घालवले. त्याचे मार्क मिळाले का? वाचा!

इंटर्नशिपच्या पहिल्याच आठवड्यात माझी फजिती झाली होती. एका जुन्या लेखाची फाइल मला टाइप करून, सॉरी, ‘फक्त कॉपी-पेस्ट करून’ द्यायची होती. ऑफिसच्या कम्प्युटरवर ती फाइल छान मराठीत दिसत होती. घरी येऊन लॅपटॉपवर उघडली तर अख्ख्या पानभर नुसते कंस, टिंबं आणि उलटेसुलटे इंग्रजी अक्षरांचे तुकडे. फाइल जुन्या फॉण्टमधली होती, युनिकोडमधली नव्हती. मजकूर तोच, पण मशीन बदललं आणि अर्थच गेला.

मी डोकं धरून बसले होते, तेव्हा माझी रूममेट खो खो हसली. ती कम्प्युटर इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. म्हणाली, “अगं, याला पोर्टेबिलिटीचा प्रॉब्लेम म्हणतात. तुझं एका लेखाचं झालंय, माझं अख्ख्या प्रोजेक्टचं झालंय. सोमवारी डेमो आहे.”

तो गुरुवार होता. त्यानंतरचे चार दिवस आमच्या रूमवर जे चाललं, त्याची ही गोष्ट.

ही लायब्ररी वेगळी

लायब्ररी म्हटलं की मला अभ्यासिका, शांतता आणि पंख्याची घरघर आठवते. कोडिंगवाल्यांची लायब्ररी म्हणजे एकदा लिहून ठेवलेला आणि नंतर कुणीही वापरावा असा तयार कोड. घरात मसाला एकदाच कांडून बरणीत भरून ठेवतात ना, तसं.

या टीमचा प्रोजेक्ट म्हणजे एक छोटा डबा. त्यात रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा कम्प्युटर. कॉलेजच्या ग्रंथालयात दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी तो ठेवायचा, नोटिशी आणि लेख त्याने मराठीत वाचून दाखवायचे. मजकुरातून वाक्यं, शब्द, आकडे वेगळे करण्याचं काम करणारी लायब्ररी तीन-चार बॅच आधीच्या सीनियर्सनी सी भाषेत लिहिलेली होती.

सी भाषा डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये तयार केली. वेगवेगळ्या मशीन्सवर तोच कोड नेता यावा, ही तिची मोठी ताकद. १९७३मध्ये युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम सीमध्ये पुन्हा लिहिली गेली आणि त्यामुळेच ती पुढे निरनिराळ्या मशीन्सवर नेता आली. पण गंमत अशी, की सी बऱ्याच गोष्टी मशीन आणि कम्पायलरवर सोडून देते. कम्पायलर म्हणजे आपण लिहिलेल्या कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा. तो बदलला की नियमांचा अर्थही थोडा थोडा बदलतो. तिथेच पाय घसरतो.

रात्र पहिली : मोठा ‘यू’ आणि व्हॉट्सॲपचा टॅब

रूममेटच्या लॅपटॉपवर उबंटू. पहिल्याच बिल्डला एरर : फाइल सापडत नाही. फाइल तर समोर दिसत होती! अर्ध्या तासाने उलगडा झाला. फाइलचं नाव छोट्या ‘यू’ने सुरू होत होतं आणि कोडमध्ये तेच नाव मोठ्या ‘यू’ने लिहिलेलं होतं. सीनियर्स विंडोजवर काम करायचे. विंडोज नावातल्या लहान-मोठ्या अक्षरांत फरक करत नाही, मॅकही सहसा करत नाही. लिनक्स करतं. त्याच्या लेखी त्या दोन वेगळ्या फायली.

ते निस्तरलं तर पुढचा एरर. कोणती फाइल आधी, कोणती नंतर कम्पाइल करायची, याच्या सूचना मेकफाइल नावाच्या फाइलमध्ये असतात. तिच्यात कमांडच्या ओळीआधी टॅबच लागतो, स्पेस चालत नाहीत. आणि कुणीतरी ती मेकफाइल व्हॉट्सॲपवरून पाठवली होती, टॅबच्या जागी आल्या होत्या स्पेस. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं!

हा टॅबचा नियम कुठून आला माहितीये? मेक हे टूल स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६मध्ये बेल लॅब्समध्ये बनवलं. टॅबची अट त्रासदायक आहे हे त्यांच्या लवकरच लक्षात आलं होतं. पण तोवर डझनभर लोक मेक वापरायला लागले होते, त्यातले बरेचसे मित्रच. त्यांचं काम बिघडू नये म्हणून अट तशीच राहिली. त्या डझनभर लोकांसाठी आज जगभरातली पोरं रात्री जागतात.

रात्र दुसरी : ‘वॉर्निंगच आहे ना!’

शुक्रवारी बिल्ड झालं, पण वॉर्निंगची रांगच्या रांग घेऊन. टीममधला एक जण म्हणाला, “अरे वॉर्निंगच आहे ना, एरर कुठेय? चालवून टाक.” चालवलं. प्रोग्रॅम सुरू झाला आणि लगेच आडवा पडला.

तोच कोड मॅकवाल्या मैत्रिणीकडे कम्पाइलच होईना. उबंटूवर जी वॉर्निंग होती, ती तिच्या कम्पायलरसाठी थेट एरर होती. एका फाइलमधलं फंक्शन दुसऱ्या फाइलमध्ये वापरलं होतं, पण त्याची ओळख करून देणारी हेडर फाइल जोडायची राहून गेली होती. अशा वेळी जुन्या वळणाचा कम्पायलर गृहीत धरतो, की हे फंक्शन ‘इंट’, म्हणजे साधी पूर्ण संख्या परत देत असेल. प्रत्यक्षात ते मेमरीतला पत्ता परत देत होतं. सीनियर्सच्या ३२ बिटच्या सेटअपवर पत्ता आणि इंट दोन्ही ४ बाइट्सचे, त्यामुळे सगळं खपून गेलं. आताच्या ६४ बिट मशीनवर पत्ता ८ बाइट्सचा आणि इंट अजूनही ४चाच. म्हणजे पत्ता अर्धा कापला गेला. पोस्टमनला ‘सदाशिव पेठ’ सांगायचं आणि घर नंबर सांगायचाच नाही, असा प्रकार.

ही सवलत सी भाषेच्या १९९९च्या स्टँडर्डमधूनच काढून टाकलेली आहे. तरी जीसीसी हा लोकप्रिय कम्पायलर अनेक वर्षं नुसती वॉर्निंग देत राहिला. मे २०२४मध्ये आलेल्या १४व्या आवृत्तीपासून मात्र तोही याला एरर म्हणतो. रूममेटने त्या रात्री टेबलावर चिठ्ठी चिकटवली : ‘वॉर्निंग म्हणजे पुढच्या मशीनवरचा एरर.’

रात्र तिसरी : पाय गरम, पोरं थंड

शनिवारी लायब्ररी डब्यातल्या रास्पबेरी पायवर चढवली. बिल्ड झालं, एकही वॉर्निंग नाही. सगळ्यांनी चहा मागवला. चहा संपला तरी डबा बोलेना. पाय हाताला चटका बसेल इतका तापलेला. फाइल वाचायला सुरुवात झाली होती, पण ती संपतच नव्हती.

कारण ऐकून मला आधी खरंच वाटलं नाही. फाइल संपली की वाचणारं फंक्शन ‘उणे एक’ हा आकडा देतं. सीनियर्सनी तो साठवायला कॅरॅक्टर हा एका बाइटचा प्रकार वापरला होता. या प्रकारात उणे आकडे मावतात की नाही, हे सी भाषा ठरवतच नाही! इंटेलच्या लॅपटॉपवर सहसा मावतात. पायवरच्या लिनक्समध्ये मावत नाहीत, तिथे उणे एकचे होतात २५५. मग ‘उणे एक आला का?’ या प्रश्नाचं उत्तर कायमच ‘नाही’. प्रोग्रॅम बिचारा वाट बघत गोल गोल फिरत राहतो.

दुरुस्ती किती? एका शब्दाची. कॅरॅक्टरच्या जागी इंट. शोधायला लागले पाच तास.

याच रात्री भांडण झालं. रूममेटचं म्हणणं, की हे सगळे बदल लायब्ररीच्या मूळ, सगळ्यांच्या कॉपीत करायचे. बाकीच्यांचं म्हणणं, “आपल्या कॉपीत कर आणि मोकळी हो. नाहीतर डेमो तुझ्या लॅपटॉपवर दाखवू. सर कुठे आत बघणारेत?” खरं सांगायचं तर मलाही तेच पटलं होतं. पण तिने गेल्या तीन बॅचच्या फोल्डरची यादीच समोर ठेवली. प्रत्येक बॅचने लायब्ररी कॉपी केली, आपल्यापुरती डागडुजी केली आणि मूळ तशीच सोडली. मोठ्या ‘यू’ची चूक तर तिन्ही बॅचने आपापल्या कॉपीत वेगवेगळी दुरुस्त केली होती! “म्हणजे ही रात्र आपण चौथ्यांदा जागतोय,” ती म्हणाली. यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं.

रविवार : इंग्रजी चालतं, मराठी पडते

शेवटचा दणका विंडोजवाल्या मित्राकडून आला. इंग्रजी मजकूर दिला की सगळं छान. मराठी दिला की पहिल्याच अक्षराला प्रोग्रॅम बंद!

इंग्रजीचं प्रत्येक अक्षर एका बाइटमध्ये मावतं आणि त्याचा आकडा १२७च्या आत असतो. आपलं ‘म’ हे अक्षर यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट्स घेतं आणि ते तिन्ही आकडे १२७च्या वरचे. उणे आकडे मावणाऱ्या कॅरॅक्टरमध्ये असे बाइट उणे होऊन बसतात. ‘ही स्पेस आहे का?’ असं विचारणाऱ्या फंक्शनला उणे आकडे दिलेले चालत नाहीत. उबंटूने ते सांभाळून घेतलं होतं. विंडोजवरच्या डीबग बिल्डने सरळ हात वर केले. सीनियर्सनी टेस्टिंग फक्त इंग्रजीत केलं होतं, म्हणून हे इतकी वर्षं कुणाला दिसलंच नाही. मराठी वाचणाऱ्या डब्याला मराठीच पचत नव्हती, आणि त्यात मराठीचा काहीच दोष नव्हता!

मंगळ आणि एक पूर्णविराम

हे सगळं कॉलेजपुरतं वाटत असेल तर दोन उदाहरणं सांगते. कर्ल ही इंटरनेटवरून डेटा आणणारी सी लायब्ररी स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांनी १९९८पासून सांभाळली आहे. ती जुन्यात जुन्या कम्पायलरवरही बिल्ड व्हावी म्हणून तिचा कोड आजही सीच्या १९८९च्या नियमांत लिहिला जातो. २०२१मध्ये नासाचं इंजेन्युइटी हेलिकॉप्टर मंगळावर उडालं, तेव्हा त्या मोहिमेत वापरलेल्या ओपन सोर्स प्रोजेक्ट्समध्ये कर्लचंही नाव होतं. अशा प्रोजेक्ट्सना हातभार लावणाऱ्या जवळपास १२ हजार जणांना गिटहबने खास बॅज दिला. त्यात एखाद-दुसरी ओळ दुरुस्त करणारेही होते.

दुसरी गोष्ट काळजीची. फायली लहान करणारी एक्सझेड ही लायब्ररी लासे कोलिन वर्षानुवर्षं जवळपास एकटेच, बिनपगारी सांभाळत होते. मदतीला आलेल्या एकाने हळूहळू विश्वास मिळवला आणि बिल्डच्या सूचनांमधून चोरदरवाजा आत सरकवला. २९ मार्च २०२४ला अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनीअरने तो जगासमोर आणला. त्यांना संशय आला तो लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागला म्हणून! नंतर आणखी एक गोष्ट सापडली. एक सुरक्षा सुविधा मशीनवर आहे का, हे तपासणाऱ्या बिल्डच्या तुकड्यात एक जास्तीचा पूर्णविराम घुसवलेला होता. त्यामुळे तो तुकडा कधी कम्पाइलच व्हायचा नाही आणि ती सुरक्षा आपोआप बंद राहायची. बिल्डच्या कंटाळवाण्या फायली कुणीच वाचत नाही, हे त्या माणसाला बरोबर माहीत होतं.

मग मार्क?

सोमवारी डेमो झाला. डब्याने न अडखळता मराठी नोटीस वाचली. परीक्षकांनी विचारलं, “फ्यूचर स्कोप काय?” आणि “डब्याचा रंग काळाच का?” लायब्ररीबद्दल एकही प्रश्न नाही. मार्क बाकीच्या टीम्सइतकेच. रूममेट त्या दिवशी जरा गप्पच होती.

आठवड्याने ग्रंथालयात गेलो, तर एक मुलगा कानाला हेडफोन लावून डब्याशेजारी बसला होता. परीक्षेचं वेळापत्रक तो स्वतः, कुणाला न विचारता ऐकत होता. परत येताना रूममेटच्या फोनवर एका ज्युनियरचा मेसेज आला : ‘ताई, लायब्ररी घेतली. पहिल्याच फटक्यात बिल्ड झाली. काही करायचं होतं का?’

ती हसली आणि टाइप केलं : ‘नाही रे. झालंय सगळं.’

सबमिशनच्या आधी हे बघाच!

• सगळ्या वॉर्निंग चालू ठेवून बिल्ड करा आणि एकही शिल्लक ठेवू नका.

• निदान दोन वेगळ्या कम्पायलरवर आणि दोन ऑपरेटिंग सिस्टिमवर चालवून बघा.

• आकड्याची साइज महत्त्वाची असेल तिथे ३२ किंवा ६४ बिट स्पष्ट सांगणारे प्रकार वापरा. ‘लाँग’ ६४ बिट विंडोजवर ४ बाइट्सचा असतो, ६४ बिट लिनक्सवर ८चा.

• फायलींची नावं सगळी लहान अक्षरांत ठेवा. स्वतःच्या लॅपटॉपवरचे पत्ते कोडमध्ये लिहू नका.

• टेस्टिंग मराठी मजकुरावरही करा.

• दुरुस्ती आपल्या कॉपीत नको, मूळ लायब्ररीत करा. आणि काय बदललं, ते दोन ओळींत लिहून ठेवा.