हौशी बिनतारी : सरलेलें वर्ष आणि पुढची आशा

नभोवाणीचे कार्यक्रम ऐकण्याची संवय घरोघर आहे. परंतु या व्यवस्थेंत बोलणारा एक आणि ऐकणारे लक्षावधि असतात. श्रोत्याला एखादा विचार कितीहि पटला वा खटकला, तरी त्याच यंत्रांतून त्याला उलट उत्तर देतां येत नाहीं. याला एक अपवाद आहे. जगांत असाहि एक वर्ग आहे, कीं जो आपल्या घरांतील यंत्रावर ऐकतो आणि त्याच यंत्रावरून बोलतो. या उद्योगांत त्याला प्राप्ति कांहीं नसते. उलट पदरमोडच होते. व्यापारी निरोप, जाहिरात, करमणुकीचें प्रक्षेपण या साऱ्यांस त्याला मनाई आहे. अशा माणसाला हौशी रेडिओचालक म्हणतात. जगभर त्याचें लाडकें नांव ‘हॅम’ असें आहे.

सन २०२५ हें वर्ष या मंडळींच्या दृष्टीनें विशेष महत्त्वाचें ठरलें. त्यांचा आंतरराष्ट्रीय संघ १८ एप्रिल १९२५ रोजीं पॅरिस येथें स्थापन झाला होता. त्याला या वर्षीं १०० वर्षें पूर्ण झालीं. शतकाच्या अखेरीस मागचा जमाखर्च पाहावा आणि पुढची तरतूद करावी, हा शहाण्या गृहस्थाचा शिरस्ता आहे. त्याच शिरस्त्यानें या छंदाकडे पाहणें योग्य होईल.

हौशी माणसांच्या वांट्याला हा प्रांत कसा आला, ती कथा मनोरंजक आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं बिनतारी संदेशांसाठीं लांब लहरींनाच किंमत होती. २०० मीटरपेक्षां आखूड लहरी दूर पोंचत नाहींत, अशी जाणत्यांची खात्री होती. म्हणून १९१२ सालीं अमेरिकेनें कायदा करून हौशी मंडळींना त्या टाकाऊ लहरींच्या कोपऱ्यांत ढकललें. मंडळींनीं तो कोपराच झाडूनपुसून पाहिला. डिसेंबर १९२१ मध्यें अमेरिकेंतील हौशी केंद्रांचे संकेत स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर ऐकूं आले. आणि नोव्हेंबर १९२३ मध्यें सुमारें १०० मीटरच्या लहरीवर फ्रान्स व अमेरिका यांच्या दरम्यान दुतर्फा संभाषण झालें. ज्या लहरी निरुपयोगी म्हणून टाकून दिल्या होत्या, त्यांच्याच जोरावर पुढें साऱ्या जगाचें लघुलहरी-प्रक्षेपण उभें राहिलें.

भारतांतहि हौशी माणसें आधीं आलीं आणि मोठ्या संस्था मागून आल्या. कलकत्त्याचे अमरेंद्रचंद्र गुप्तू यांनीं १९२१ सालीं आपलें केंद्र चालविलें. मुंबईच्या रेडिओ क्लबानें जून १९२३ मध्यें कार्यक्रम प्रक्षेपित केले. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें मुंबई केंद्र त्यानंतर चार वर्षांनीं, २३ जुलै १९२७ रोजीं, सुरू झालें. म्हैसूरचे प्राध्यापक गोपालस्वामी यांनीं १९३५ सालीं स्वतःच्या घरांतच एक लहानसें केंद्र उभारलें. ‘आकाशवाणी’ हें नांव त्या केंद्रापासूनच रूढ झालें. देश स्वतंत्र झाला, त्या वेळीं संस्थानांच्या मालकीचीं जीं पांच नभोवाणी केंद्रें होतीं, त्यांपैकीं एक औरंगाबादेस होतें, ही गोष्ट मराठवाड्यानें विसरूं नये.

या छंदावर सरकारची नजर कां असते, याचें उत्तरहि इतिहासांतच सांपडतें. १९३९ सालीं महायुद्ध सुरू होतांच हौशी परवाने रद्द झाले. पुढें १९४२ च्या आंदोलनांत उषा मेहता व त्यांचे सहकारी यांनीं मुंबईंत गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला. जागा बदलत बदलत तो आवाज निघत राहिला. अखेर १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं पोलिसांनीं तो पकडला. खोलीभर जागेंत मावणारें यंत्र साम्राज्याला अस्वस्थ करूं शकतें, हें त्या प्रसंगानें दाखविलें. म्हणूनच स्वतंत्र भारतांतहि हा छंद परवान्याखेरीज चालत नाहीं, आणि त्यांत गैर कांहीं नाहीं.

आतां हें सारें घडतें कसें, तें पाहूं जातां छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यांतील पिशोर हें गांव उदाहरणादाखल घ्यावें. तेथल्या एखाद्या अंगणांत दोन लिंबाच्या झाडांमध्यें तांब्याची तार ताणली आहे, अशी कल्पना करावी. सेकंदाला सुमारें ७१ लक्ष कंपनें असलेली लहर ४२ मीटर लांबीची असते. तिच्यासाठीं निम्म्या लांबीची, म्हणजे सुमारें २१ मीटरची, तार पुरते. त्या तारेवरून निघालेली लहर सरळ रेषेंत चालते. आणि पृथ्वी तर गोल आहे. मग ती पुण्याला किंवा नागपुराला पोंचते कशी? याचें उत्तर आकाशांत आहे. सूर्याच्या प्रखर किरणांनीं वातावरणाच्या वरच्या भागांतील वायु विद्युद्‍भारित होतात व त्यांचे थर बनतात. जमिनीपासून सुमारें २०० ते ४०० किलोमीटर उंचीवरचा थर लघुलहरींना आरशाप्रमाणें परत फिरवितो. त्याच्या पुष्कळ खालीं, ६० ते ९० किलोमीटरांवर, आणखी एक थर दिवसा तयार होतो. तो मात्र लांब पल्ल्याच्या वाटेवर लहरींची शक्ति शोषून घेतो. सूर्य मावळतांच हा खालचा थर विरतो आणि वरचा आरसा उरतो. म्हणून दिवसा ४२ मीटरच्या लहरीवर पिशोरहून महाराष्ट्राशीं व आसपासच्या प्रांतांशीं बोलतां येतें. रात्रीं तीच लहर समुद्र ओलांडून जाते. याच्या उलट, २० मीटरची लहर दिवसाउजेडीं परदेशाची वाट धरते.

यावरून ध्यानांत येईल, कीं हौशी चालकाचें पंचांग शेतकऱ्याच्या पंचांगासारखेंच ऋतूंवर चालतें. वैशाखांत वळवाचे ढग जमूं लागले, कीं विजांच्या कडकडाटानें लांब लहरींवर खरखर माजते. पावसाळ्यांत तर एरियलची जोडणी सोडवून ठेवणें हेंच शहाणपण. कारण वीज पडली, तर यंत्राबरोबर घरहि संकटांत सांपडतें. ऑगस्टमध्यें जगांतील अनेक दीपगृहांवरून हौशी केंद्रें चालविण्याचा एक शनिवार-रविवार साजरा होतो. आश्विन-कार्तिकांत दिवस आणि रात्र जवळजवळ समान होतात व दूरच्या संभाषणांस ऋतु अनुकूल होतो. बालवीरांचा आकाशमेळावा ऑक्टोबरांत भरतो. तो १९५८ पासून चालू आहे. थंडीच्या शांत रात्रीं लांब लहरी पुन्हां स्वच्छ होतात. आणि डिसेंबरच्या मध्यास उल्कावर्षाव होतो, तेव्हां कांहीं धाडसी मंडळी जळत्या उल्केच्या क्षणभंगुर शेपटीवरून लहर परतवून संदेश पाठवितात.

या वार्षिक चक्रावर आणखी एक मोठें चक्र आहे, तें सूर्याचें. सूर्यावरील डागांची संख्या सुमारें ११ वर्षांनीं वाढते आणि ओसरते. चालू चक्राचा कळस ऑक्टोबर १९२४ च्या बरोबर शंभर वर्षांनंतर, म्हणजे ऑक्टोबर २०२४ च्या सुमारास आला. त्यापूर्वीं मे २०२४ मध्यें सूर्यानें असा कांहीं तडाखा दिला, कीं लडाखांतील हानले येथें आकाशांत ध्रुवप्रकाशाची तांबूस झांक दिसली. २०२५ हें कळसाच्या पायथ्याशीं लागून आलेलें वर्ष. डाग पुष्कळ असले, कीं आखूड लहरी थोड्या शक्तीवरहि जगप्रवास करतात. पण सूर्यावर स्फोट झाला, कीं दिवसाकडील गोलार्धांत कांहीं काळ सारें चिडीचूप होतें. लाभ आणि हानि एकाच दात्याकडून पदरांत पडतात.

याच वर्षीं भारतीयांना आनंद देणारी एक घटना घडली. आपले अंतराळवीर शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर असतांना ४ जुलै २०२५ रोजीं त्यांनीं हौशी रेडिओच्या द्वारें बंगळूरशीं संभाषण केलें. अवकाशाशीं या छंदाचें नातें जुनें आहे. भारतानें ५ मे २००५ रोजीं ‘हॅमसॅट’ हा सुमारें ४२ किलो वजनाचा उपग्रह खास हौशी मंडळींसाठीं सोडला. दोन वर्षें टिकेल अशी अपेक्षा असतां तो २०१४ पर्यंत राबला. मराठी मुलुखालाहि यांत वांटा आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनीं तयार केलेला, जेमतेम एक किलोचा ‘स्वयम्’ उपग्रह २२ जून २०१६ रोजीं आकाशांत गेला. हौशी केंद्रांमध्यें निरोपांची नेआण करणें हा त्याचा हेतु होता. त्याच वर्षीं २६ सप्टेंबरला पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या विद्यार्थ्यांचा ‘प्रथम’ गेला.

परंतु हातोहातीं मोबाइल फोन असतांना हा उपद्व्याप कशासाठीं, असा प्रश्न सुशिक्षित घरांत हमखास विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. मोबाइलचा मनोरा, त्याची वीज, त्याची बॅटरी, त्याला जोडणारी तार, हीं सारीं शाबूत असतील तोंवरच तो फोन बोलतो. हौशी केंद्राला एक तार, एक यंत्र आणि मोटारीची बॅटरी पुरते. मध्यें दुसऱ्या कोणाची गरज नाहीं. २६ डिसेंबर २००४ रोजीं त्सुनामीनें अंदमान-निकोबारवर घाला घातला, तेव्हां भारती प्रसाद व त्यांचे सहकारी त्याच महिन्यांत छंद म्हणून पोर्ट ब्लेअरला गेलेले होते. करमणुकीसाठीं नेलेलीं यंत्रें त्याच दिवशीं आर्तांच्या निरोपांसाठीं राबूं लागलीं. मराठवाड्याला तर ३० सप्टेंबर १९९३ ची पहांट विसरतां येणारच नाहीं. किल्लारीच्या त्या भूकंपानंतर हौशी रेडिओचालकांनीं संदेशवहनाचें काम केलें. ३१ ऑगस्ट २०२१ रोजीं कन्नडच्या घाटांत दरडी कोसळून धुळें-सोलापूर मार्ग बंद पडला. संकट मोठें असो वा लहान, तें पूर्वसूचना देऊन येत नाहीं. आणि विहीर तहान लागल्यावर खणतां येत नाहीं.

म्हणूनच परवान्याची वाट सर्वांस माहीत असावी. वयाचीं १२ वर्षें पूर्ण झालेल्या कोणाहि भारतीयाला केंद्र सरकारच्या दळणवळण खात्याची परीक्षा देतां येते. तींत विजेचीं व रेडिओचीं मूलतत्त्वें आणि नियम यांवर प्रश्न असतात. निर्बंधित दर्जाच्या परवान्यावर ५० वॅट शक्ति वापरतां येते. म्हणजे जुन्या काळच्या एका दिव्याइतकी. सर्वसाधारण दर्जाला ४०० वॅटपर्यंत मुभा आहे. मात्र त्यासाठीं मिनिटाला ८ शब्द या वेगानें मोर्स लिपि यावी लागते. उलट, विनापरवाना हातयंत्रें घेऊन बोलणें हा गुन्हा आहे. अशीं यंत्रें ऑनलाइन दुकानांतून सर्रास विकलीं जाऊं लागलीं, म्हणून मे २०२५ मध्यें केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला त्यांच्या विक्रीविषयीं नोटिसा व नियम काढावे लागले. एका अविचारी माणसाच्या बडबडीनें पोलिसांचा, विमानांचा वा रुग्णवाहिकांचा निरोप अडूं शकतो, हें मुलांना समजावून सांगणें पालकांच्या हातीं आहे. लहरींवर पहारा ठेवणाऱ्या सरकारी संघटनेचें उपग्रहनिरीक्षण केंद्र शेजारच्या जालन्यासच आहे.

पुढील काळाकडे पाहतां आशेला पुष्कळ जागा आहे. सूर्याचा जोर आतां वर्षागणिक ओसरत जाईल व आखूड लहरी हळूहळू मंदावतील. परंतु मंद संकेतहि ओळखणाऱ्या नव्या पद्धति निघाल्या आहेत. त्यांपैकीं २०१७ सालीं आलेली एक पद्धति रचण्यांत जोसेफ टेलर यांचा हात आहे. स्पंदक ताऱ्यांवरील संशोधनासाठीं १९९३ चें नोबेल पारितोषिक मिळविणारे ते हेच टेलर. स्वतःहि हौशी रेडिओचालक असलेल्या या शास्त्रज्ञाची विद्या आज कोणाहि विद्यार्थ्याच्या संगणकावर फुकट चालते. २ ऑगस्ट २०२७ रोजीं भारतांतून खंडग्रास सूर्यग्रहण दिसेल. सूर्य झांकला जात असतां वरच्या थरांत काय बदल होतो, तें एखाद्या दूरच्या केंद्राचा आवाज दर पांच मिनिटांनीं टिपून शाळकरी मुलांनाहि अजमावतां येईल. त्याच वर्षाच्या अखेरीस शांघाय येथें जागतिक रेडिओ परिषद भरणार आहे. तेथें लहरींची वांटणी ठरते, आणि व्यापाराची भूक मोठी असल्यामुळें हौशी मंडळींना आपला लहानसा वांटा जपावा लागतो. जो वांटा कोणी वापरीत नाहीं, तो जपणें कठीण असतें.

हौसेला मोल नसतें, असें म्हणतात. परंतु हौसेला माणसें मात्र लागतात. पुढच्या वर्षाची खरी अपेक्षा यंत्रांकडून नसून शाळांकडून व घरांकडून आहे. तालुक्याच्या प्रत्येक गांवीं नव्हे, तर पिशोरसारख्या दर दहा गांवांमागें एका शाळेंत जरी एक तार, एक यंत्र आणि परीक्षा उतरलेलीं दोन मुलें असलीं, तरी किल्लारीसारख्या पहांटे बाहेरच्या जगाला हांक मारणारें कोणीतरी तेथें असेल. दोन झाडांमधली एकवीस मीटर तार कोणत्याहि शाळेला परवडण्यासारखी आहे.