हजेरीपासून स्वतंत्रपूरपर्यंत

सांगली जिल्ह्याचा ईशान्य कोपरा म्हणजे आटपाडी तालुका. हा माणदेश. इथं पाऊस कायम हुलकावणी देतो, माणगंगेचं पात्र वर्षातले कितीतरी महिने कोरडं असतं आणि माळावर मेंढरं चरत असतात. आता अधूनमधून डाळिंबाच्या बागाही दिसतात. याच माळावर स्वतंत्रपूर नावाची वसाहत आहे. सरकारी दप्तरात तिची नोंद कारागृह अशी आहे. पण तिला उंच तट नाही आणि बुरुजावर बंदूकधारी शिपाईही नाही. खुनासारख्या गुन्ह्यात जन्मठेप झालेले कैदी इथं बायकामुलांसह राहतात आणि जमीन कसतात. १९३९ पासून हे असं चालू आहे.

माणूस गुन्हा का करतो आणि त्याचं पुढं काय करायचं, या प्रश्नावर जगभर दीडशे वर्षं खल चालला आहे. सातारा-सांगलीच्या मातीत या प्रश्नाची दोन टोकांची उत्तरं प्रत्यक्ष राबवली गेली. एक उत्तर इंग्रज सरकारनं कायद्यानं लादलं, दुसरं औंधच्या संस्थानिकानं दिलं. दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून पाहिली, तर मानसशास्त्राच्या पुस्तकांत जे वाचायला मिळतं ते आपल्या गावाच्या शिवारात सापडतं.

जन्मानं गुन्हेगार

१८७१ मध्ये इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमाती कायदा केला. पुढं १९११ च्या कायद्यानं त्याचा फास मुंबई इलाख्यापर्यंत आला. एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर झाली, की तिच्यात जन्मलेलं पोर पाळण्यातच संशयित ठरायचं. मोठं झाल्यावर त्यानं ठरल्या वेळी हजेरी द्यायची, नोंदवहीत बोटाचे ठसे द्यायचे आणि परगावी जायचं तर परवाना काढायचा. लेकीच्या सासरी दोन दिवस जास्त मुक्काम झाला तरी तो गुन्हा ठरू शकत होता. अनेकांना तर तारेच्या कुंपणातल्या वसाहतीत, म्हणजे सेटलमेंटमध्ये, ठेवलं गेलं.

योगायोग असा, की त्याच दशकात, १८७६ मध्ये, इटलीतले डॉक्टर चेझारे लोंब्रोझो यांचं पुस्तक आलं. गुन्हेगार हा जन्मजातच असतो आणि कवटी, जबडा, कान यांवरून तो ओळखता येतो, असा त्यांचा दावा होता. १९१३ मध्ये इंग्लंडमध्ये चार्ल्स गोरिंग यांनी तीन हजारांवर कैद्यांची मोजमापं इतर लोकांशी ताडून पाहिली. असा वेगळा शारीरिक साचा त्यांना आढळला नाही. शास्त्रानं दावा फेटाळला, तरी आपल्याकडचा कायदा पुढं जवळपास चाळीस वर्षं चालूच राहिला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ झाल्या.

त्या जाचाची साक्ष आपल्या साहित्यात आहे. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ मध्ये आली. तिचा नायक दुष्काळात उपाशी मरणाऱ्या माणसांसाठी लूट करतो. सरकारच्या लेखी तो दरोडेखोर होता, लोकांच्या लेखी जीव वाचवणारा. फलटण तालुक्यातले लक्ष्मण माने यांनी १९८० मध्ये ‘उपरा’ या आत्मकथनात कैकाडी समाजाचं भटकं, कुठंच थारा नसलेलं जिणं मांडलं. ज्याला गाव नाही, पत नाही आणि ज्याच्याकडं प्रत्येक जण चोर म्हणूनच बघतो, त्याच्या मनात काय घडत असेल? अमेरिकी समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर यांनी १९६३ मध्ये सांगितलं, की समाज एकदा शिक्का मारतो आणि मग माणसाला त्या शिक्क्यानुसारच जगायला भाग पाडतो. आपल्याकडच्या हजेरीच्या नोंदवह्या म्हणजे याच विचाराचा ढळढळीत पुरावा.

मनाचा शोध

कवटी मोजून झाल्यावर शास्त्र बालपणाकडं वळलं. लंडनचे मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९४४ मध्ये ४४ चोरट्या मुलांचा अभ्यास मांडला. त्यांतली १४ मुलं कुणाबद्दलच माया न वाटणारी, कोरडी होती. त्या १४ पैकी १२ जणांची लहानपणी आईपासून दीर्घकाळ ताटातूट झाली होती. या अभ्यासाच्या पद्धतीवर पुढं रास्त आक्षेप आले. आईपासून दुरावलेलं प्रत्येक मूल चोर होत नाही, हेही उघड आहे. पण लहानपणी तुटलेला जिव्हाळा पुढंही छळू शकतो, ही गोष्ट मात्र तेव्हापासून गांभीर्यानं घेतली जाऊ लागली.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ एडविन सदरलँड यांचं म्हणणं आणखी साधं होतं. गुन्हा शिकला जातो आणि तो जवळच्या माणसांकडून शिकला जातो. सुतारकीतले बारकावे जसे घरात, कामावर हाताखाली राहून येतात, तसंच हे. मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये न्यूझीलंडमधल्या एक हजारावर मुलांच्या दीर्घ अभ्यासाचा आधार घेऊन एक महत्त्वाचा भेद दाखवला. बहुतेक मुलं ऐन पौगंडात वाकड्या वाटेला जातात आणि विशीत परततात. लहानपणापासून थेट प्रौढपणापर्यंत बेबंद राहणारी फार थोडी. सतराव्या वर्षी मोटारसायकल पळवणाऱ्या पोराला सराईतांच्या बराकीत टाकणं म्हणजे आपणच त्याची शिकवणी लावून देणं आहे.

मानसिक आजार आणि गुन्हा यांची गाठ मात्र आपण फार सहज मारतो. मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसं हिंसक नसतात. आजारामुळं आपण काय करतो आहोत किंवा ते चूक आहे, हे ज्याला कळतच नव्हतं, त्याला कायदा दोषी धरत नाही. १८४३ च्या मॅकनॉटन खटल्यापासून आलेलं हे तत्त्व दंडसंहितेच्या कलम ८४ मध्ये होतं, आता ते भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये आहे. आपल्या खेड्यांत रक्त सांडतं ते बहुतेकदा वेगळ्याच कारणांनी: बांधावरून पेटलेली भावकी, संशय, अपमान आणि पोटात गेलेली दारू. साताऱ्यात ‘परिवर्तन’सारख्या संस्थेनं व्यसनमुक्तीचं काम उभं केलं, त्याचं मोल यासाठीही मोठं आहे.

औंधच्या राजाचं उत्तर

आता आटपाडीकडं, म्हणजे तेव्हाच्या औंध संस्थानाकडं, परत येऊ. औंधचे संस्थानिक भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांना महाराष्ट्र ओळखतो तो सूर्यनमस्कारांचे प्रचारक आणि चित्रकार म्हणून. १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्यानं त्यांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपवणारी राज्यघटना दिली. या कामात त्यांच्याजवळ मॉरिस फ्रीडमन होते. पोलंडमधून आलेले हे अभियंते भारतात भारतानंद म्हणून ओळखले गेले. कैद्यांना कोठडीत न ठेवता मोकळ्या जमिनीवर ठेवायचं आणि त्यांच्या शब्दावर विसंबायचं, हा फ्रीडमन यांचा आग्रह राजानं मान्य केला. त्यातून स्वतंत्रपूर वसलं.

स्वतंत्रपूरची ही गोष्ट पडद्यावरही आली. माडगूळ हे गाव आटपाडी तालुक्यातलंच. तिथले ग. दि. माडगूळकर औंधच्या शाळेत शिकले. त्यांच्या कथेवर व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला आणि १९५८ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळालं. सहा खुनी कैदी आणि त्यांच्यावर भरवसा टाकणारा जेलर, ही गोष्ट घराघरांत पोचली. चित्रपटात कैद्यांना धरून ठेवतात ते जेलरचे डोळे. प्रत्यक्ष स्वतंत्रपुरात मला याहून मोठी वाटते ती तिथल्या दिवसाची रचना.

बंद तुरुंगात कैद्याला कशाचाच निर्णय घ्यावा लागत नाही. उठायचं कधी, जेवायचं काय, दिवा कधी मालवायचा, सगळं दुसराच ठरवतो. दहा वर्षं असं गेलं की निर्णय घेण्याची सवयच मोडते. शेती करणाऱ्याला मात्र रोज ठरवावं लागतं. बी कोणतं घ्यायचं, पाण्याची पाळी कधी, ढग दाटलेत तर आज फवारणी करायची की नाही. घरी पोराला ताप आलेला असतो, बायकोचं म्हणणं ऐकून घ्यायचं असतं, राग गिळायचा असतो. ज्या गोष्टी जमल्या नाहीत म्हणून हातून गुन्हा घडला, त्याच गोष्टींचा हा रोजचा सराव. आज ज्या उपचारात रागाचे विचार ओळखून बदलायला शिकवतात, तो उपचार याहून फार वेगळा नाही.

उपचार चालतो का?

१९७४ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट मार्टिन्सन यांनी सुधारणेचे अनेक प्रयोग तपासून निराशेचा सूर लावला आणि ‘काहीच उपयोगी पडत नाही’ हे मत रूढ झालं. पाच वर्षांनी त्यांनीच ते बरंचसं मागं घेतलं. पुढं कॅनडातले डॉन अँड्र्यूज आणि जेम्स बोंटा यांनी दाखवलं, की नेम धरून केलेला उपचार लागू पडतो. ज्याच्याकडून पुन्हा गुन्हा होण्याचा धोका जास्त, त्याच्यावर मेहनत जास्त. उपचार करायचा तो गुन्ह्याकडं ढकलणाऱ्या कारणावर. आणि शिकवायचं ते त्याला समजेल अशा रीतीनं.

या निकषावर स्वतंत्रपूरची मर्यादाही मान्य केली पाहिजे. तिथं जातात ते निवडलेले कैदी, बंद तुरुंगात काही शिक्षा भोगून चांगली वर्तणूक दाखवलेले. रागाच्या एका क्षणी खून केलेला माणूस अनेकदा सराईत नसतो, त्याला ही वाट मानवते. थंड डोक्यानं पुन्हा पुन्हा इजा करणाऱ्याला ती मानवेलच असं नाही. ज्या घरातला माणूस मारला गेला, त्या घराचं दुःखही या हिशेबात धरलं पाहिजे. सुधारणा म्हणजे त्या घराला विसरणं नव्हे. उद्या दुसऱ्या घरावर ती वेळ येऊ नये, यासाठीची ती तजवीज आहे.

खरी खंत आहे ती आकाराची. पैठण, येरवडा, मोर्शी इथंही खुली कारागृहं झाली, पण कुटुंबासह राहण्याची ही वसाहत पाऊणशेहून अधिक वर्षांनीही मूठभर कैद्यांपुरतीच राहिली. दुसरीकडं देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांपैकी जवळपास तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही असे. राज्याच्या कारागृह विभागाचं ब्रीद ‘सुधारणा व पुनर्वसन’ आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा कैद्यांच्या उपचाराची जबाबदारी सरकारवर टाकतो. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फाशीच्या खटल्यांत आरोपीचं मानसशास्त्रीय मूल्यमापन पाहण्यास सांगितलं. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याच न्यायालयानं तुरुंगाच्या नियमांतला जातीवरचा भेद आणि विमुक्त जमातींवर गुन्हेगारीचा ठपका ठेवणारी कलमं रद्द केली. तुरुंगाच्या नियमांतून तो ठपका पुसायला १९५२ नंतर आणखी बहात्तर वर्षं लागली.

कागदावरचं हे शहाणपण गावात उतरायला हवं. शिक्षा भोगून माणूस परत येतो तेव्हा त्याची पहिली परीक्षा तुरुंगाबाहेर, आपल्या पारावर होते. त्याला रोजगार कोण देणार, त्याच्या मुलांना शाळेत कुणी ‘खुन्याचं पोर’ म्हणणार का, पारध्याच्या पालाकडं पोलीस नसतानाही आपण संशयानं बघणार का, याचा निकाल कोर्ट देत नाही. तो आपण देतो. आटपाडीच्या माळावर १९३९ मध्ये एका राजानं कैद्यांच्या शब्दावर विसंबून जमीन दिली. आपल्याला जमीन द्यायची नाही. परत आलेल्याला काम द्या आणि त्याच्या मुलांना नावानं हाक मारा, एवढंच मागणं आहे.